मिक्लोश रोझा: नुसता 'बेन-हर'वाला, की त्याहून मोठा?

मंद्रषड्ज

सिनेमाला संगीत देणाऱ्या माणसाचं सिनेमाबाहेरचं काम आपण सहसा ऐकत नाही. ऐकलंच तर आधी मनातल्या मनात थोडी सवलत देऊन ऐकतो, सिनेमावाल्याच्या मानाने बरं लिहिलंय म्हणून. ही सवलत मला मान्य नाही. मिक्लोश रोझाच्या बाबतीत तर अजिबात नाही. म्हणून हा धागा.

नाव नवं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रोझा १९०७ साली बुडापेस्टमध्ये जन्मला, लाइपझिगला शिकला, पॅरिसला राहिला. लंडनला निर्माता अलेक्झांडर कोर्डाच्या चित्रपटांना संगीत देऊ लागला. 'द थीफ ऑफ बगदाद'चं काम युद्धामुळे हॉलिवूडला हलवावं लागलं, त्याबरोबर १९४० मध्ये तोही गेला आणि तिथलाच झाला. 'स्पेलबाउंड', 'अ डबल लाइफ' आणि 'बेन-हर' यांसाठी तीन ऑस्कर मिळाले. १९९५ मध्ये वारला.

आता मुद्द्याचं. सिनेमाशी काही संबंध यायच्या आधी, १९३३ साली, त्याने 'थीम, व्हेरिएशन्स अँड फिनाले' ही वाद्यवृंदासाठीची रचना लिहिली. १४ नोव्हेंबर १९४३ ला वाद्यवृंदाचा संचालक ब्रूनो वॉल्टर आजारी पडला आणि पंचवीस वर्षांचा लेनर्ड बर्नस्टाइन ऐनवेळी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर उभा राहिला, ही गोष्ट पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. त्या दिवशी शूमान, रिचर्ड स्ट्रॉस आणि वाग्नर यांच्या पंगतीला रोझाची ही रचना होती, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं.

पुढे एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओशी करार करताना त्याने वर्षातले काही महिने स्वतःच्या संगीतासाठी राखून घेतले. १९५३ च्या उन्हाळ्यात इटलीत रापालोला बसून त्याने व्हायोलिन कंचेर्तो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना) लिहिला, व्हायोलिनवादक याशा हायफेट्झसाठी. हायफेट्झने आधी एकच भाग लिहून दाखवायला सांगितलं होतं. रोझाने तिन्ही लिहिले. १९५६ मध्ये डॅलसला तो पहिल्यांदा वाजला.

बिली वाइल्डर या दिग्दर्शकाने कंचेर्तोची तबकडी ऐकली आणि ते संगीत त्याच्या डोक्यातून जाईना. शेरलॉक होम्स व्हायोलिन वाजवतो, तेव्हा होम्सवरच्या आपल्या चित्रपटाला हेच संगीत हवं, असा त्याने हट्ट धरला. १९७० च्या त्या चित्रपटात कंचेर्तोचा पहिला भाग होम्सच्या कोकेनच्या व्यसनासाठी आलाय, संथ भाग प्रेमाची धून झालाय आणि शेवटचा भाग लॉख नेसच्या तळ्यावर.

म्हणजे इथे संगीत आधी होतं, चित्र मागून आलं. ज्या रचनेला आपण 'सिनेमासारखी वाटते' म्हणून नाक मुरडतो ती सिनेमाच्या सतरा वर्षं आधी पूर्ण होऊन पेटीत होती. माझं म्हणणं असं की रोझाचे दोन कप्पे करूच नयेत. पडद्यावर आणि मंचावर एकच माणूस एकाच आवाजात बोलतोय, आणि मंचावर त्याला पुरेसा वेळ मिळतो म्हणून तिथे तो अधिक ऐकण्यासारखा आहे.

चौथीरांग

धागा आवडला, शेवटचं वाक्य पटलं नाही.

'बेन-हर' मोठ्या पडद्यावर पाहिलेला कोणीही रथांच्या शर्यतीबद्दल बोलतो. शर्यत सुरू होण्याआधी रथांची मिरवणूक निघते, तिथे रोझा पितळी वाद्यांचा सगळा साठा ओततो. आणि शर्यत सुरू झाली की? काही नाही. चाकं, टापा, चाबूक, गर्दी. पुरी शर्यत संगीताशिवाय आहे. तीन ऑस्कर मिळवलेला माणूस त्या चित्रपटातल्या सर्वांत गाजलेल्या दृश्यात गप्प बसतो, कारण तिथे गप्प बसणं हेच बरोबर आहे. हे तबकडीवर कसं ऐकणार? तिथे मिरवणूक ऐकू येईल आणि मग थेट पुढचा तुकडा.

दुसरं उदाहरण जहाजावरचं. वल्ही मारणाऱ्या गुलामांना ताल देणारा माणूस दोन मोगऱ्यांनी ठोके देतोय, सेनापती वेग वाढवायला सांगतोय, पुन्हा वाढवायला सांगतोय. रोझाचा वाद्यवृंद त्या ठोक्यांवर स्वार होऊन तसाच वाढत जातो. माणसं कोसळायला लागतात तेव्हा आपल्याला कळतं की आपला श्वासही त्या लयीत अडकला होता. नुसतं संगीत ऐकलं तर ते चढत्या लयीचं एक आवर्तन आहे, चांगलं आहे, पण त्यात घाम नाही.

सिनेमाचा संगीतकार मोठा ठरतो तो सिनेमात. त्याला मंचावर नेऊन 'बघा, हा खराखुरा संगीतकार आहे' असं सिद्ध करायची गरज वाटणं, यातच सिनेमाला कमी लेखणं आलं. तुम्ही रोझाची बाजू घेताना नेमकं तेच करताय.

जुनाप्रभात

चौथीरांग यांच्याही एक पाऊल पुढे जातो. पार्श्वसंगीत ही बऱ्याचदा दिग्दर्शकाची कुबडी असते.

आपल्या पुण्यातलंच पाहा. 'प्रभात'चा 'कुंकू', १९३७. संगीतकार केशवराव भोळे. त्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते दृश्यातच कुठेतरी वाजत असतं, कोणीतरी गात असतं. एका म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या मुलीचा संताप दाखवायला शांतारामबापूंना एकही व्हायोलिन लागलं नाही. त्या काळात हे धाडस होतं आणि आजही आहे. आज मालिकांमध्ये नुसतं दार उघडलं तरी ढोल वाजतो.

रोझाबद्दल आदर आहेच. पण १९४५ च्या 'स्पेलबाउंड'मध्ये थेरेमिन या विजेवर चालणाऱ्या वाद्याचा तो कंप पावणारा आवाज सतत सांगत असतो की नायकाच्या मनात काहीतरी बिघडलंय. अहो, समोर ग्रेगरी पेक आहे, त्याचा चेहरा दिसतोय ना! खुद्द दिग्दर्शक हिचकॉकलाही ते संगीत फारसं रुचलं नव्हतं.

मंद्रषड्ज

@चौथीरांग, शर्यतीतल्या शांततेबद्दल शंभर टक्के सहमत, आणि ते उदाहरण माझ्या मूळ लेखात यायला हवं इतकं चांगलं आहे. पण मी सिनेमाला कमी लेखत नाही. मंचावर तो अधिक ऐकण्यासारखा आहे याचा अर्थ इतकाच, की सिनेमात धून चाळीस सेकंदांत कापली जाते आणि कंचेर्तोत तीच जातकुळीची धून आठ-दहा मिनिटं वाढत जाते. दीड मिनिटाची झलक ऐकून ज्याला संपूर्ण राग ऐकावासा वाटतो त्याच्यासाठी मी लिहितोय.

@जुनाप्रभात, 'कुंकू' हा फार वजनदार मुद्दा आहे. पण 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही हा निर्णय संगीतकाराच्या सहभागाने झालेला आहे. कुठे वाजवायचं नाही हे ज्याला कळतं तोच कुठे वाजवायचं ते जाणतो. भोळे आणि रोझा यांना मी या बाबतीत एकाच बाजूला धरतो.

पेठकर

मी सरळ विरुद्ध बाजूने बोलतो. माझा आक्षेप सिनेमाला नाही, रोझाच्या मंचीय संगीतालाच आहे.

व्हायोलिन कंचेर्तो मी लक्ष देऊन ऐकलाय. हंगेरियन संगीतकार बार्टोकचा दुसरा व्हायोलिन कंचेर्तो १९३८ सालचा. त्याच देशाचा, त्याच लोकसंगीतातून आलेला. बार्टोकने त्या मातीतून एक नवी भाषा घडवली. रोझा पंधरा वर्षांनंतर लिहायला बसतो आणि मधे काही घडलंच नाही अशा थाटात लिहितो. सुंदर आहे, वाद नाही. पण सुंदर असणं आणि आवश्यक असणं यांत फरक आहे.

शिवाय त्याच्या सवयी. छोटा जोरकस स्वर आणि त्यामागून लांब स्वर, या झटक्याने वाक्य सुरू करायचं, तेच वाक्य लगेच पुन्हा म्हणायचं, मग एक पायरी वर जाऊन पुन्हा. रोमन सैनिक येवोत, स्पेनचा सरदार येवो, की खुनाचा कट शिजत असो, झटका तोच. मंचावरही तोच. तुम्ही याला 'एकच आवाज' म्हणता, मी याला मर्यादा म्हणतो.

मंद्रषड्ज

@पेठकर, तुमचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून सविस्तर.

तो झटका कुठून आला ते पाहा. हंगेरियन भाषेत शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात असतो, त्यामुळे तिथल्या लोकगीतांची ओळ आघातानेच सुरू होते. रोझाच्या वडिलांची शेती बुडापेस्टच्या उत्तरेला नाद्यलोत्स या खेड्यात होती. तिथल्या पालोत्स लोकांची गाणी तो लहानपणापासून ऐकत आला, पुढे त्यांवर आधारित रचनाही त्याने १९२९ मध्ये केली. जुन्या हंगेरियन लोकगीतांत पाच स्वर मुख्य असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हे वाचताना कोणालाही धानी राग आठवेल. रोझाचा संथ भाग ऐकताना आपल्या कानाला जी ओळख वाटते तिचं एक कारण हे आहे, असं मला वाटतं. तेव्हा तो झटका ही हॉलिवूडची सवय नव्हे. हॉलिवूडला जाताना तो बरोबर घेऊन गेला.

आता 'आवश्यक' हा शब्द. नवी भाषा घडवणं ही एकच कसोटी लावली तर आपल्याकडच्या निम्म्या घराणेदार गवयांना घरी बसवावं लागेल. मिळालेली गायकी प्रामाणिकपणे आणि भरभरून मांडणारा कलावंत आवश्यक नसतो का? भीमसेनजींनी किराण्याच्या शुद्ध कल्याणात काय 'नवी भाषा' आणली, असं आपण विचारतो का? आपण विचारतो की आज त्यातला जीव हाताला लागला का.

आणि एक वस्तुस्थिती. १९८२ मध्ये पक्षाघात झाल्यावर रोझाचं चित्रपटांचं काम थांबलं. त्यानंतर त्याने काय लिहिलं? एकट्या बासरीसाठी, एकट्या व्हायोलिनसाठी, क्लॅरिनेट, गिटार, ओबो, प्रत्येकासाठी एकल रचना. पडदा नाही, वाद्यवृंद नाही, पैसा नाही, टाळ्यांची शक्यताही कमी. ज्याचा सगळा थाट सिनेमाचा होता असं आपण म्हणतो, तो माणूस आयुष्याच्या शेवटी एका वाद्याच्या एका ओळीत सगळं मांडत बसला होता. त्या रचना ऐका, मग बोलू.

पेठकर

भीमसेनजींचं उदाहरण लागू पडत नाही. गवई प्रत्येक मैफिलीत राग नव्याने उभा करतो. रोझाने एकदा लिहून ठेवलं, आता ते बदलणार नाही, त्यामुळे त्याने काय लिहिलं याला अधिक कडक कसोटी लागणारच. एकल रचना ऐकेन.

नाट्यवेडी

चर्चा वाचताना सारखं वाटत होतं, बुडापेस्टपर्यंत जायची गरज काय? दोन्हीकडे तितक्याच ताकदीने उभा असलेला माणूस या गावात होऊन गेला. मास्टर कृष्णराव.

भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, मैफिलीचे गवई, नाटकांचे संगीतकार ('कुलवधू'मधलं 'बोला अमृत बोला' आठवा) आणि 'प्रभात'चे संगीतकार. 'धर्मात्मा', 'अमरज्योती', 'गोपालकृष्ण', 'माणूस', 'शेजारी'. 'माणूस'मधलं 'कशाला उद्याची बात' शांता हुबळीकरांच्या तोंडी आहे. एका वेश्येच्या कोठीवरचं गाणं, त्यात मधे वेगवेगळ्या भाषांतले तुकडे येतात आणि प्रत्येक तुकड्याचा बाज बदलतो. ज्या गळ्यातून मैफिलीत अस्सल ख्याल निघायचा त्याच डोक्यातून ही चाल निघाली. कृष्णरावांच्या 'वंदे मातरम्'च्या झिंजोटीतल्या चालीबद्दल तर वेगळा धागा हवा.

रोझावर दहा प्रतिसाद येतात. कृष्णरावांवर धागा निघाला तर किती येतील? लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट संग्रहालय, शेजारी 'प्रभात'च्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट. या गावाने इतकं तरी ऋण मानायला हवं.

मंद्रषड्ज

नाट्यवेडी, कृष्णरावांवर धागा तुम्ही काढाच, पहिला प्रतिसाद माझा.

पण तुमच्या उदाहरणाने माझंच म्हणणं पक्कं होतं. कृष्णराव मैफिलीत बसले की समोरचा श्रोता 'हे सिनेमावाले' म्हणून सवलत देऊन ऐकत नव्हता. नाट्यपद मैफिलीत येतं, मैफिलीतली बंदिश नाटकात जाते, तीच चाल पडद्यावर येते, आणि आपल्या आजोबांना त्यात काही खटकत नव्हतं. ही आपली रीत. मग आपण हंगेरीच्या माणसाला न्यूयॉर्कच्या समीक्षकांच्या चष्म्यातून का पाहायचं? ही मंच आणि पडदा यांच्यातली भिंत तिकडची आहे. 'डबल इन्डेम्निटी' या चित्रपटाच्या वेळी पॅरामाउंट स्टुडिओच्या संगीतप्रमुखाने रोझाला हे संगीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या मैफिलीच्या सभागृहालाच शोभेल असं सुनावलं होतं, आणि त्याच्या लेखी तो अपमान होता. मंचवाल्यांनी त्याला सिनेमावाला म्हटलं, सिनेमावाल्यांनी मंचवाला. पुण्यातल्या श्रोत्याने या भांडणात कशाला पडावं?

पेठकर

भिंत आपल्याकडेही होती आणि आहे. 'सुगम' गाणाऱ्याला शास्त्रीयच्या मंचावर किती वेळ मिळतो ते बघा. आजोबांच्या काळाला उगाच सोनेरी करू नका.

व्हायोलिनवाली

मी शिकतेय, त्यामुळे वाजवणारीच्या बाजूने.

हा कंचेर्तो हाताला फार नीट बसतो. नुसता अवघड नाही, व्हायोलिनला काय शोभतं हे कळून लिहिलेला आहे. रोझा स्वतः लहानपणापासून व्हायोलिन वाजवायचा आणि ते जागोजाग जाणवतं. पहिल्या भागात एकट्या व्हायोलिनची जी मोठी जागा आहे तिथे दोन तारांवर एकदम चालणारी वाक्यं आहेत. ती वाजवताना कळतं की हे दाखवेगिरीसाठी लिहिलेलं नाही, धूनच तिथे दुभंगलीये. @पेठकर, 'तेच वाक्य पुन्हा' हे कानाला खरं आहे, पण गजाला दुसऱ्या वेळी दिशा उलटी मिळते, वजन बदलतं. चांगला वादक असेल तर ती पुनरुक्ती राहत नाही.

मंद्रषड्ज यांच्याशी एका ठिकाणी असहमत. होम्सच्या चित्रपटात तेच संगीत आहे, म्हणून दोन्ही एकच, असं नाही. संथ भाग चित्रपटात आला की तो एका बाईचा होतो, तिच्या चेहऱ्याचा होतो. मी चित्रपट आधी पाहिला आणि आता वाजवताना तो चेहरा पुसता येत नाही. संगीताचं त्यात नुकसान झालंय असं मला वाटतं. मूळ रचनेत तो भाग कोणाचाच नव्हता.

हायफेट्झची तबकडी जरूर ऐका, पण तो शेवटच्या भागात फार घाई करतो, नाचाचा ठेका हरवतो.

आणि खरी अडचण वेगळीच आहे. पुण्यात हे प्रत्यक्ष ऐकणार कुठे? कॅम्पातल्या मज़दा हॉलला पियानोच्या साथीने एखादा भाग होऊ शकतो. पूर्ण वाद्यवृंद म्हणजे मुंबई गाठायची, आणि तिथेही रोझा वाजेल याची शाश्वती नाही.

हडपसरी

एक वेगळा मुद्दा, कोणी काढला नाही म्हणून. १९४२ चा 'जंगल बुक'. त्यातला नट साबू आपल्या म्हैसूरकडचा, माहुताचा मुलगा. संगीत रोझाचं. त्याची साबूच्या निवेदनासकट तबकडी निघाली होती, अमेरिकन चित्रपटाचं संगीत अशा तऱ्हेने विकायला येण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी ती एक. पण त्यात भारत कुठे आहे? हत्तींसाठी जड पितळी वाद्यं, जंगलासाठी गूढ बासऱ्या. 'क्वो वाडिस' या रोमन काळातल्या चित्रपटासाठी हाच माणूस प्राचीन ग्रीक शिलालेखावरची धून शोधून नीरोच्या तोंडी घालतो. 'एल सिड'साठी स्पेनला जाऊन मध्ययुगीन गाणी धुंडाळतो. हिंदुस्थानासाठी मात्र एवढी मेहनत घ्यावीशी वाटली नाही. मला हे लागतं.

मंद्रषड्ज

लागायलाच हवं. बचाव करणार नाही. 'जंगल बुक'मधला भारत हा किपलिंग आणि कोर्डा यांचा आहे, रोझा तेव्हा कोर्डाच्या चाकरीत होता आणि शोध घेण्याची त्याची शिस्त पुढे एमजीएममध्ये तयार झाली. तरी लांडग्यांच्या आणि हत्तींच्या जागा वाद्ययोजनेसाठी ऐकाव्यात असं म्हणेन, भारतासाठी नव्हे.

व्हायोलिनवाली, तुमचा चेहऱ्याचा मुद्दा माझ्या मांडणीला खरोखर छेद देतो. मी तबकडी आधी ऐकली होती, चित्रपट नंतर पाहिला, त्यामुळे मला चित्रपटात कंचेर्तोच दिसत राहिला. म्हणजे क्रम महत्त्वाचा. मग नव्या श्रोत्याला मी हा क्रम सुचवेन: आधी 'थीम, व्हेरिएशन्स', मग व्हायोलिन कंचेर्तो, मग १९६७ चा पियानो कंचेर्तो (पहिल्यांदा वाजला तेव्हा संचालन आपल्या झुबिन मेहतांचं होतं), मग चेलोवादक यानोश स्टार्करसाठी लिहिलेला चेलो कंचेर्तो. चित्रपट सगळ्यांत शेवटी.

चौथीरांग

हा क्रम उलटा आहे. जहाजावरचं वल्ह्यांचं दृश्य आधी पाहा, आवाज मोठा ठेवून. त्यानंतर ज्याला रोझा आणखी ऐकावासा वाटेल तो चेलो कंचेर्तोपर्यंत आपल्या पायांनी जाईल. 'थीम, व्हेरिएशन्स'ने सुरुवात करून किती जण 'बेन-हर'पर्यंत पोहोचतील याची मला शंका आहे.

पेठकर

त्या एकल रचनांपैकी एकट्या क्लॅरिनेटची सोनाटा ऐकली. तिथे तो झटका पहिल्याच ओळीत कानावर आला, पण या वेळी मागे वाद्यवृंद नसल्याने उघडा पडला, आणि उघडा असताना मला तो कमी खटकला. बाकी मत तेच आहे. चेलो कंचेर्तोची स्टार्करची तबकडी कोणाकडे चांगल्या अवस्थेत असेल तर कळवा.